स्फुरदाच्या क्षारांची हाताळणी व अपघातप्रसंगींचे उपाय

स्फुरदाचीं खतें आतां कोणाही शेतकऱ्यास नवीं राहिलेलीं नाहींत. इंग्लंडांत लॉज ह्या गृहस्थानें १८४२ सालीं गंधकाम्लाच्या योगें सुपर फॉस्फेट तयार करण्याचें पेटंट मिळविलें. आपल्या देशांत तें खत करण्याचा पहिला कारखाना १९०६ सालीं मद्रासेकडे राणीपेट येथें निघाला. आणि आज पवनेच्या खोऱ्यांत भाताचें खाचर करणारा शेतकरी असो, कीं तळेगांवच्या बाजूस प्लॅस्टिकच्या हरितगृहांत गुलाब करणारा बागाईतदार असो, स्फुरदाच्या पोत्यावांचून कोणाचेंच चालत नाहीं. परंतु जी वस्तु रोज हाताखालून जाते तिचें भय वाटेनासें होतें, आणि तिच्यांत खरोखर भिण्यासारखें काय आहे हेंही हळूहळू विसरलें जातें. ह्या पाठांत आम्ही त्याच गोष्टीचा विचार करणार आहों.

कांहीं दिवसांपूर्वीं रावेतहून पवनेच्या कांठाकांठानें वर जातांना एका बागाईतदाराच्या खतांच्या खोलींत आम्ही थांबलों होतों. खोली नीटनेटकी होती. खालीं डीएपीचीं व सुपर फॉस्फेटचीं पोतीं होतीं. वर एकाच फळीवर ठिबकांतून देण्याच्या विद्राव्य खतांचे एक एक किलोचे पुडे, नळ्या साफ करण्याच्या फॉस्फरिक ॲसिडचा कॅन, उंदरांसाठीं आणलेली काळपट पूड, धान्यांत ठेवण्याच्या गोळ्यांची नळी आणि भाजीवर मारण्याच्या कीटकनाशकाची अर्धी बाटली, असा सारा संसार मांडलेला होता. आमच्यासोबतच्या एका वृद्ध गृहस्थांनीं घरधन्यास विचारलें, "अहो, ह्या सगळ्यांत फॉसच असतें ना?" "होय काका, सगळें फॉसच," असें उत्तर आलें. नांवांकडे पाहिलें तर तें उत्तर चूक म्हणतां येत नाहीं. फॉस्फेट, फॉस्फरिक, फॉस्फाइड. आणि बाटलीवरील नांवाचा शेवटही 'फॉस' असाच होता. पण अपघाताच्या वेळीं कोणी ह्या उत्तरावर विसंबून धांवपळ करूं लागला तर एका वस्तूवर जो उपाय लागू पडतो तोच दुसरीच्या बाबतींत प्राणावर बेतेल.

सबब आधीं तीन वर्ग वेगळे करूं. पहिला वर्ग फॉस्फेटांचा. ह्यांत स्फुरद प्राणवायूशीं पुरता बांधला गेलेला असतो, आणि म्हणून तो शांत असतो. आपल्या हाडांत व दांतांत जो स्फुरद आहे तोही ह्याच रूपांत आहे. दुसरा वर्ग फॉस्फाइडांचा. ह्यांत स्फुरद जस्ताशीं किंवा ॲल्युमिनियमशीं जोडलेला असून ओल किंवा अम्ल लागतांच त्यांतून फॉस्फिन नांवाचा अतिविषारी वायु सुटतो. उंदरांची काळपट पूड व धान्यांतील गोळ्या ह्या वर्गांतल्या. तिसरा वर्ग सेंद्रिय स्फुरदाच्या कीटकनाशकांचा. तीं मज्जातंतूंचें काम बिघडवितात व धड कातडींतूनही अंगांत शिरतात. पहिला वर्ग हा ह्या पाठाचा मुख्य विषय होय. उरलेल्या दोहोंचा विचार शेवटीं केला आहे. परंतु वाचकांनीं तो भाग गाळूं नये.

फॉस्फेटांतही सर्वांचा स्वभाव एक नाहीं. डीएपी, म्हणजे पोत्यावर १८:४६ असें लिहिलेलें खत, पाण्यांत विरघळलें असतां किंचित् विम्ल असतें. १२:६१:०० व ००:५२:३४ हीं विद्राव्य खतें बेताचीं आंबट. सुपर फॉस्फेटमध्यें कारखान्यांत वापरलेल्या अम्लाचा थोडा अंश मोकळा उरलेला असतो. म्हणून त्याच्या सान्निध्यांत लोखंडी पत्रा व वजनाचा कांटा लवकर गंजतो, आणि हाताच्या भेगांत तें झोंबतें. ह्या सर्वांहून उग्र १७:४४:०० हें खत, म्हणजे यूरिया फॉस्फेट. शंभर भाग पाण्यांत एक भाग घातला तरी तें पाणी लिंबाच्या रसासारखें आंबट होतें; कोरड्या पुडीचा कण डोळ्यांत गेला तर तेथें काय होईल हें सांगावयास नको. दिसण्यांत मात्र हीं विद्राव्य खतें पांढरीं, दाणेदार व स्वच्छ असतात. साखरेच्या किंवा मिठाच्या डब्याशेजारीं पुडा ठेवला तर रात्रींच्या उजेडांत ओळखूं येणार नाहीं. घरांत, आणि विशेषतः स्वयंपाकघरांत, हे पुडे ठेवूंच नयेत. आणि उघडलेला पुडा उरल्यास तो मूळ वेष्टनासकट ठेवावा, दुसऱ्या डब्यांत ओतूं नये.

डीएपीची एक परीक्षा आपल्याकडे पुष्कळांस ठाऊक आहे. थोडे दाणे तळहातावर घेऊन त्यांत चुना घालावा व तंबाखूप्रमाणें मळावें; नाकास झोंबणारा वास आला तर खत खरें. हा वास अमोनियाचा होय. खत पारखण्यास ही युक्ति चांगली आहे, मात्र हात नाकाशीं नेऊन दीर्घ श्वास घेऊं नये, आणि नंतर हात धुवावे. पण हीच परीक्षा आपणांस आणखी एक गोष्ट सांगते, ती बहुधा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं : डीएपी आणि चुना, किंवा डीएपी आणि चुलीची राख, एकत्र ठेवूं नये. बंद खोलींत चुन्याची गोणी फुटून डीएपीवर पडली आणि वरून पागोळी गळली, तर तळहातावर जें घडतें तेंच पोत्यांच्या मापानें घडेल. अशा खोलींत एकदम आंत न शिरतां दारें-खिडक्या उघडून वारा खेळूं द्यावा.

आतां ज्या एका गोष्टीसाठीं हा लेख मुख्यतः लिहिला ती सांगतों. फॉस्फेटाचा क्षार अंगावर सांडला तर त्यावर पाणी घालावें, आणि भरपूर घालावें. जमिनीवर सांडला तर त्यावर पाणी मुळींच घालूं नये. आपल्याकडे बहुधा ह्याच्या उलट होतें. डोळ्यांत पूड गेलेला गडी पदराच्या किंवा धोतराच्या सोग्यानें डोळा पुसतो, आणि फुटलेल्या पोत्यावर मात्र मोटारीची नळी सोडून जागा स्वच्छ करण्यांत येते.

प्रथम अंगाविषयीं. डोळ्यांत खत किंवा त्याचें पाणी गेल्यास त्याच क्षणीं स्वच्छ वाहत्या पाण्यानें डोळा धुण्यास लागावें. पापण्या बोटांनीं उघड्या धराव्या, डोकें असें कलतें करावें कीं धुतलेलें पाणी दुसऱ्या डोळ्यांत जाणार नाहीं, आणि हें पंधरा ते वीस मिनिटें न थांबतां चालूं ठेवावें. एक तांब्या पाणी मारून डोळा मिटून बसणें हें धुणें नव्हे. घड्याळ समोर ठेवावें, कारण दुखणाऱ्या डोळ्यास दोन मिनिटेंही पुष्कळ वाटतात. यूरिया फॉस्फेट किंवा फॉस्फरिक ॲसिड असेल तर अर्धा तास तरी धुवावें, आणि मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यावें. दुखणें थांबलें म्हणून जाणें टाळूं नये. डोळ्यांत तूप, दूध, मध किंवा काजळ घालूं नये. अम्लावर सोड्याचें पाणी आणि सोड्यावर लिंबू, असले उताराही करूं नयेत. त्यांची आपसांत क्रिया होऊन उलट उष्णता उत्पन्न होते. कातडीवर पडलें असेल तर आधीं कपडे काढावे, मग धुवावें. ओल्या कपड्यांसकट धुतल्यानें तें द्रव्य अंगाशीं चिकटून राहतें. लाजेपायीं ह्या बाबतींत, विशेषतः बायांच्या बाबतींत, वेळ जातो असा आमचा अनुभव आहे. गोदामाच्या कोपऱ्यांत एक आडोसा व पाण्याचें भरलेलें पिंप एवढी तजवीज अगोदरच असली म्हणजे हा प्रश्न उरत नाहीं.

पूड नाकातोंडांत गेली तर मोकळ्या हवेंत यावें व चुळा भराव्या. खोकला किंवा दम थांबेना तर दवाखाना गांठावा. खत पोटांत गेलें असल्यास तोंड धुवून, माणूस शुद्धीवर असेल तर, पेलाभर पाणी पाजावें. मुद्दाम ओकारी काढूं नये. आंबट खत किंवा ॲसिड असेल तर ओकारीनें घसा दुसऱ्यांदा भाजतो. त्या वेळीं पाणीही पेलाभर न देतां तोंड धुवून घोटभरच द्यावें व थेट रुग्णालय गांठावें. थोडें पोटांत गेल्यानें बहुधा मळमळ व जुलाब होतात, तथापि मोठ्या प्रमाणांत गेल्यास रक्तांतील कॅल्शियम उतरून हातापायांस पेटके येतात व हृदयाची गति बिघडूं शकते. लहान मुलानें चमचाभर खाल्लें असें नुसतें वाटलें तरी वाट पाहत बसूं नये.

जनावरांविषयींही येथेंच लिहून टाकतों. सांडलेलें खत गुरें चाटतात, आणि यूरिया किंवा डीएपी मिसळलेल्या बादलींतलें पाणी तीं हटकून पितात. जनावर थरथरूं लागलें, पोट फुगलें, तोंडास फेस आला, तर तत्काळ पशुवैद्यास बोलवावें. दुसरी चूक अधिक शहाणपणानें केली जाते : गाभण गाईस स्फुरद द्यावयाचा, तर खताचाच कां नको, असा कित्येकांचा तर्क असतो. तो सोडून द्यावा. खनिज स्फुरदांत मुळांतच फ्लोरिनचा अंश असतो, आणि खताच्या प्रतींतून तो काढलेला नसतो. असें खत खाणाऱ्या जनावराचे दांत व हाडें बिघडतात. पशुखाद्यासाठीं म्हणून विकलें जाणारें डायकॅल्शियम फॉस्फेट निराळें असतें, तेंच घ्यावें.

आतां जमिनीवर सांडलेल्या खताकडे वळूं. येथें पाणी कां नको, हें समजण्यास रावेतच्या बंधाऱ्याहून चांगली जागा आम्हांस तरी दुसरी ठाऊक नाहीं. सह्याद्रींत उगम पावणारी पवना धरणांतून सुटल्यावर मावळांतील शेतांमधून, गहुंजे, किवळे अशा गांवांवरून रावेतास येते, आणि येथील बंधाऱ्यापाशीं तिचें पाणी उपसून निगडीच्या शुद्धीकरण केंद्राकडे जातें. पिंपरी-चिंचवडचीं लाखों माणसें हें पाणी पितात. धरणापासून बंद नळानें हें पाणी आणण्याच्या योजनेस मावळच्या शेतकऱ्यांनीं विरोध केला, आणि ९ ऑगस्ट २०११ रोजीं बऊर येथें पोलिसांच्या गोळीबारांत तीन शेतकरी मृत्यु पावले. ती योजना तेव्हां थांबली, व पाणी उघड्या पात्रांतूनच रावेतास येत राहिलें. ह्या वादाच्या न्यायान्यायांत येथें शिरण्याचें कारण नाहीं. परंतु उघड्या नदीच्या वरच्या अंगास जो शेती करतो त्याच्या बांधावरून वाहिलेला प्रत्येक ओहोळ खालच्या माणसाच्या हंड्यांत जातो, एवढी गोष्ट तरी त्यांतून उघड होते.

एका पोत्याचा हिशेब करून पाहूं. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यांत शेंकडा ४६ प्रमाणें २३ किलो स्फुरदाम्ल, म्हणजे निव्वळ स्फुरद सुमारें १० किलो असतो. वाहत्या नदीच्या पाण्यांत दर लिटरमागें एक दशांश मिलिग्रॅमहून अधिक स्फुरद असूं नये, असा दंडक अमेरिकेंत सुचविला गेला आहे. त्या मानानें एका पोत्यांतील स्फुरद १० कोटी लिटर पाण्यास ह्या मर्यादेपर्यंत आणून ठेवण्यास पुरेसा आहे. एवढ्यानें कोणी मरत नाहीं हें खरें. परंतु जलपर्णी वाढते. उन्हाळ्याच्या तोंडाशीं पवनेचें पात्र हिरव्या गालिच्याखालीं झांकून जातें तें दृश्य आपल्यापैकीं बहुतेकांनीं पाहिलेलें आहे. शहराचें मैलापाणी हें त्याचें मोठें कारण आहे, आणि केवळ शेतकऱ्यास दोष देणें अन्यायाचें होईल. पण स्फुरद हेंच त्या हिरवळीचें मुख्य अन्न आहे याबद्दल शंका राहिलेली नाहीं. कॅनडांत १९७३ सालीं शिंडलर नांवाच्या शास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं एका तळ्याच्या मध्यें पडदा घालून दोन भाग केले. दोहोंत कर्ब व नत्र सोडला, आणि एकांतच त्यासोबत स्फुरद सोडला. स्फुरदाचा भाग हिरवागार झाला, दुसरा स्वच्छ राहिला. शिवाय डीएपींत नत्र असतो तो अमोनियाच्या रूपानें. तो माशांस बाधक असून शुद्धीकरण केंद्रांत पाण्यांतील क्लोरीन खाऊन टाकतो, अर्थात् जंतु मारण्यास क्लोरीन कमी पडतो.

यास्तव पोतें फुटलें तर पहिलें काम झाडूचें. वारा कोणत्या बाजूनें आहे तें पाहून त्याकडे पाठ करावी, नाकातोंडास फडकें बांधावें, डोळ्यांस चष्मा असावा. कोरड्या झाडूनें व पत्र्याच्या सुपलीनें खत गोळा करून कोरड्या पोत्यांत भरावें. धुरळा फार उडत असेल तर सुकी माती किंवा भुसा टाकून मग लोटावें. हें मातकट झालेलें खत फुकट जात नाहीं. पिकास जितकें द्यावयाचें त्या मापांतच तें शेतांत मातीआड करावें. रस्त्यावर किंवा पुलावर टेंपो कलंडला असेल तर झाडूच्याही अगोदर मातीचा बांध घालावा : गटाराच्या तोंडाशीं आणि उताराच्या बाजूस मातीनें भरलेलीं दोन चार पोतीं आडवीं टाकलीं तरी पुष्कळ काम होतें. पाऊस चालूं असेल तर ताडपत्री घालावी. कांहीं भाग नदींत गेलाच असेल तर तो लपवूं नये. अग्निशामक दलास १०१ वर व महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यास तत्काळ कळवावें, म्हणजे खालचा उपसा कांहीं वेळ थांबवावा कीं काय हें त्यांस ठरवितां येतें. बोभाटा होईल ह्या भीतीनें गप्प बसणारा शेतकरी बहुधा दंडास भीत असतो, पण अर्ध्या तासाचा उशीर झाला म्हणजे थांबविण्यासारखें कांहीं उरतच नाहीं. विहिरींत खत पडलें तर तें पाणी पिण्यास, आणि तान्ह्या मुलाच्या दुधांत घालण्यास तर मुळींच, वापरूं नये; उपसून शेतास द्यावें, आणि नवें पाणी तपासून घेतल्यावर प्यावें.

अपघात नसूनही रोज होणारी सांड म्हणजे मुसळधार पावसाच्या आधल्या दिवशीं फोकून दिलेलें डीएपी. स्फुरद मातीस घट्ट धरून राहतो, पण मातीच वाहून गेली तर तोही तिच्याबरोबर जातो. पेरून, मुळांजवळ मातीआड दिलेलें खत पिकाच्या कामीं येतें व नदीसही उपसर्ग होत नाहीं.

पिंपरी-चिंचवड व चाकणच्या कारखान्यांमुळें आपल्या भागांत एक निराळेंच संकट आहे, आणि इतर जिल्ह्यांतील शेतकी मासिकांत त्याचा उल्लेख सहसा आढळणार नाहीं. मोटारींच्या पत्र्यास रंग देण्यापूर्वीं त्यावर जस्ताच्या फॉस्फेटचा पातळ थर चढवितात, आणि तत्पूर्वीं तेलकटपणा काढण्यास ट्रायसोडियम फॉस्फेट वापरतात. ह्या दुसऱ्या द्रव्याचें आद्याक्षरांचें नांव टीएसपी. दुर्दैवानें ट्रिपल सुपर फॉस्फेट ह्या उत्तम खतासही टीएसपीच म्हणतात. एक आंबट, दुसरें कॉस्टिक सोड्याच्या जातीचें दाहक. एक पिकाचें अन्न, दुसऱ्यानें जमीन चोपण होईल. भंगारवाल्याकडे स्वस्तांत मिळालें म्हणून, पोत्यावर तीन अक्षरें दिसलीं म्हणून, असलें पोतें घेऊं नये. पोत्यावर खताचें नांव, प्रमाण व निर्मात्याचा पत्ता पाहूनच, पावतीसह, खताच्या परवानाधारक दुकानांतून घ्यावें. ट्रायसोडियम फॉस्फेट डोळ्यांत गेल्यास तें वर सांगितलेल्या सर्वांहून खोल शिरतें. रुग्णालयांत पोंचेपर्यंत वाटेंतही धुणें थांबवूं नये.

त्याचप्रमाणें कारखान्यांच्या टाक्यांच्या तळाशीं बसणारा फॉस्फेटचा गाळ. तो 'खतच आहे, घेऊन जा' असें सांगून कोणी ट्रॉली भरून देऊं करील. त्यांत जस्त असतें, निकेल व मँगनीजही असूं शकतें, आणि २०१६ सालच्या घातक कचऱ्याच्या नियमांत हा गाळ नांवानिशीं नोंदलेला आहे. तो शेतांत घेणें म्हणजे दुसऱ्याचा कचरा आपल्या सातबाऱ्यावर चढविणें होय. कारखान्यांतून आलेलीं निळीं पिंपें पाणी सांठविण्यास घेण्याची चाल आहे, तीही सोडावी. कितीही धुतलें तरी त्यांत पूर्वीं काय होतें हें आपणांस सांगतां येत नाहीं.

आगीविषयीं फार लिहिण्याची गरज नाहीं, कारण फॉस्फेटाचे क्षार स्वतः पेटत नाहींत. कारखान्यांत व दुकानांत भिंतीस टांगलेल्या लाल नळकांड्यांपैकीं पुष्कळांत जी पिंवळसर पूड असते ती मोनो अमोनियम फॉस्फेटचीच, म्हणजे आपल्या १२:६१:०० ची भावंड होय. पण पोतीं, लाकडी फळ्या व ताडपत्री पेटतात, आणि त्या आंचेनें खतांतून अमोनिया व दाहक धूर सुटतो. वाऱ्याच्या वरच्या अंगास उभें राहून पाणी मारावें, आणि वाहून जाणारें पाणी मातीच्या बांधानें अडवावें. मात्र ज्या मिश्रखतांत नायट्रेट असतें तीं ह्या नियमांत बसत नाहींत. तीं डिझेल, भुसा व गवत यांपासून दूर, वेगळीं ठेवावीं, आणि तीं पेटलीं तर दूर सरून अग्निशामक दलाची वाट पाहावी. १९४७ सालीं अमेरिकेंतील टेक्सास सिटी बंदरांत व ४ ऑगस्ट २०२० रोजीं बैरूतमध्यें जे स्फोट झाले ते अमोनियम नायट्रेटचे होते, फॉस्फेटचे नव्हते.

फॉस्फरिक ॲसिडचा कॅन ज्यांच्याकडे आहे त्यांनीं दोन गोष्टी सांभाळाव्या. पातळ करतांना बादलींत आधीं पाणी घ्यावें व त्यांत ॲसिड धारेनें सोडावें. ॲसिडमध्यें पाणी ओतल्यास तें उसळून तोंडावर येतें. आणि ठिबकाच्या नळ्या एकदां ॲसिडनें व एकदां ब्लीचिंगच्या पाण्यानें धुण्याची रीति असली तरी दोन्ही एका दिवशीं, एका टाकींत करूं नये. त्यांच्या मिश्रणांतून क्लोरीन सुटतो, आणि पंपाच्या बंद खोलींत तो जीव घेण्यास पुरतो.

आतां फळीवरील उरलेल्या दोन वस्तु. फॉस्फाइडच्या बाबतींत पाण्याचा नियम उलटतो. सांडलेल्या गोळीवर किंवा पुडीवर पाणी घालूं नये, पेटल्यास कोरडी वाळू टाकावी, अंगावर पूड पडल्यास आधीं कोरडी झटकून मगच धुवावें. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या ३ ग्रॅमच्या एका गोळीपासून सुमारें १ ग्रॅम फॉस्फिन निघतो. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास आला तर घरांतून सर्वांनीं तत्काळ बाहेर पडावें. वास आला नाहीं म्हणून वायु नाहीं असें मात्र समजूं नये. निजण्याच्या खोलींत किंवा तिच्या शेजारच्या खोलींत धान्यास ह्या गोळ्या लावणें म्हणजे घरच्यांचा जीव धोक्यांत घालणें होय. ह्या गोळ्यांची विक्री कायद्यानें मर्यादित केलेली आहे. त्या शेतकऱ्याच्या फळीवर असूंच नयेत. त्या पोटांत गेल्यास ह्या विषास उतारा नाहीं. पाणी, दूध, कांहीं पाजण्यांत वेळ न दवडतां रुग्णालय गांठावें, आणि गाडीच्या कांचा उघड्या ठेवाव्या, कारण रोग्याच्या ओकारींतूनही वायु सुटतो.

सेंद्रिय स्फुरदाच्या कीटकनाशकांचें विष चढलें म्हणजे डोळ्यांच्या बाहुल्या टांचणीच्या टोंकाएवढ्या होतात, लाळ व घाम सुटतो, छातींत घरघर लागते, मग झटके येतात. सोबत्यानें हातमोजे घालून, नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशव्या हातांस बांधून, रोग्याचे कपडे उतरवावे व साबण-पाण्यानें सर्वांग, केंस व नखें धुवावीं. पोटांत गेलें असल्यास तूप, तेल, दूध देऊं नये. ओकारीही काढूं नये. रुग्णालयांत ॲट्रोपीन देतात, आणि तें जितकें लवकर मिळेल तितकें बरें. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. १६ जुलै २०१३ रोजीं बिहारांत गंडामन गांवच्या शाळेंत दुपारचें जेवण जेवून २३ मुलें मेलीं. त्यांच्या अन्नांत मोनोक्रोटोफॉस आढळलें. खत आणि औषध एका फळीवर ठेवणाऱ्यांनीं हे दोन प्रसंग विसरूं नयेत. आमच्या त्या बागाईतदारानें त्याच दिवशीं फळी उतरविली, आणि कीटकनाशकास कुलुपाची पेटी केली. गोळ्यांच्या नळीचें काय करावें हें मात्र त्यास कळेना, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसही चटकन सांगतां येईना. शेवटीं ती बंद नळी न उघडतां, कोरडी, तालुक्याच्या कृषि कार्यालयांत नेऊन विचारण्याचें ठरलें.

दूरध्वनि करतांना १०८ वर रुग्णवाहिका मागावी व काय झालें याबरोबरच पुड्यावरचें पूर्ण नांव वाचून दाखवावें. 'फॉस' एवढें सांगून भागत नाहीं. पुडा किंवा बाटली, रिकामी असली तरी, पिशवींत बांधून रोग्यासोबत द्यावी. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंतील राष्ट्रीय विषमाहिती केंद्राचा विनामूल्य क्रमांक १८०० ११६ ११७ हा आहे. डॉक्टरांसही तेथून सल्ला मिळतो. रावेतच्या आसपास महापालिकेचें यशवंतराव चव्हाण स्मृति रुग्णालय पिंपरीस आहे. हे क्रमांक गोदामाच्या दाराच्या आंतील बाजूस खडूनें नव्हे, तर रंगानें लिहून ठेवावे.

राहिलीं रिकामीं पोतीं. खताचीं पोतीं धुवून धान्यास, गोधडीच्या अस्तरास किंवा पडवीस लावण्यास वापरण्याची आपली जुनी संवय आहे. धान्यास तीं वापरूं नयेत. इतर कामास हवीं असल्यास आधीं शेतांत उलटीं करून झाडावीं, मग शेतांतल्याच बादलींत खळबळून तें पाणी झाडांच्या आळ्यांत ओतावें. घाटावर नेऊन नदीच्या धारेंत धुवूं नयेत.